'आणि नाही केलं तर?' असं विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहून गेलेत. समोरासमोर मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहायला घेतलं. आणि चारचौघांत लिहितेय ते अशासाठी, की मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. चालीरीती, शिष्टाचार, कुठे कसं वागायचं हा धडा आला की माझं जे होत होतं ते त्यांचंही होत असणार. तुम्ही मला दिलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं मनापासून वाटतं.

तो तास तुम्हाला आठवत असेल. तुम्ही माझा तास बघायला शेवटच्या बाकावर बसला होतात, मांडीवर वही घेऊन. मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे 'डू', उजवीकडे 'डोन्ट'. वेळेवर पोचा. भेटवस्तू देणाऱ्यासमोर उघडा आणि कौतुक करा. पगार विचारू नका. वय विचारू नका. वर्गानं सगळं मुकाट्यानं उतरवून घेतलं आणि मला वाटलं, तास छान चाललाय. तेवढ्यात एरवी कधी न बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीनं हात वर केला आणि मराठीतच विचारलं, "मॅडम, आमच्या घरी भेट देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. म्हणजे आम्ही चुकीचं वागतो का?"

मी म्हटलं, "नाही, चुकीचं नाही, पण इंग्रजीत असंच असतं."

तिनं पेनाला टोपण लावलं. त्या तासाला ती पुन्हा लिहिताना दिसली नाही. मला हे दिसलंच नव्हतं, बाई, नंतर तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "'इंग्रजीत' म्हणजे कुठे गं?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते नाहीच. इंग्रजी ही एका देशाची भाषा राहिलेली नाही. ती बोलणाऱ्यांत ती मातृभाषा नसलेलेच जास्त आहेत. माझ्या वर्गातली माणसं उद्या ज्यांच्याशी इंग्रजीत बोलणार, त्यांतल्या कित्येकांची घरची भाषा तिसरीच असणार. मग मी कुणाची रीत फळ्यावर लिहीत होते? आणि एका देशाची धरली, तरी तिथल्या आजीची की नातीची?

मग तुम्ही माझ्याच टाचणाचा कागद उलटा करून पाठीमागे पाच ओळी लिहिल्यात. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

करावंच लागतं.
करायचं असतं.
करावं.
करतात.
नाही केलं तरी चालतं.

"यांचं इंग्रजी कर," म्हणालात. मी पहिल्या दोन्हींवर 'मस्ट' लिहिलं, तिसऱ्यावर 'शुड', चौथ्यावर थांबले. तुम्ही बोट ठेवून एकेका ओळीला एकच प्रश्न विचारलात: "आणि नाही केलं तर?"

त्या प्रश्नानं माझं शिकवणं बदललं. नाही केलं तर दंड होतो, प्रवेश मिळत नाही, नोकरी जाते: तिथे 'हॅव टु'. नाही केलं तर कुणी शिक्षा करत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं की करायचं असतं, आणि न करणारेही भरपूर असतात: तिथे 'बी सपोज्ड टु'. नाही केलं तर माझ्या मते ते बरं नाही: 'शुड', म्हणजे त्यात बोलणाऱ्याचं स्वतःचं मत आलं. आणि नाही केलं तर काहीच होत नाही, बहुतेक जण करतात इतकंच: तिथे 'युजुअली', 'टेंड टु', किंवा नुसता साधा वर्तमानकाळ. मी इतकी वर्षं ही क्रियापदं 'जोर किती' या मापानं शिकवत आले होते, 'मस्ट' सगळ्यात जोरदार, 'शुड' त्याखाली. विद्यार्थ्याला जोर मोजता येत नाही. पण न केल्यावर काय होतं, हे त्याला पक्कं माहीत असतं, कारण तो लहानपणापासून त्यातच वाढलेला असतो.

आणि 'करायचं असतं'! 'सपोज्ड टु' शिकवताना माझी दरवर्षी दमछाक व्हायची. विद्यार्थ्यांना 'सपोज' म्हणजे 'समजा' एवढंच माहीत, त्यामुळे ते 'समजा'ला धरून अर्थ लावायला जायचे आणि अडकायचे. तुम्ही म्हणालात, "अगं, हे तर त्यांच्या तोंडात आहेच. 'असं बोलायचं नसतं' हे आपण किती वेळा ऐकलेलं असतं!" खरंच, 'यू आर नॉट सपोज्ड टु' याला याहून नेमकं मराठी नाही. भूतकाळसुद्धा जुळतो. 'मीटिंग दहाला सुरू व्हायची होती' म्हटलं की ऐकणाऱ्याला न सांगता कळतं, झाली नाही. 'वॉज सपोज्ड टु स्टार्ट ॲट टेन' मध्येही तेच कळतं. हे मी शिकवत नव्हते, कारण वर्गात मराठी आणणं म्हणजे कमीपणा अशी माझी समजूत होती. ती तुम्ही एका कागदात मोडलीत.

मराठीमुळे जिथे घसरायला होतं त्या जागाही तुम्हीच दाखवल्यात. आपला 'पाहिजे' एकटाच किती कामं करतो: गरज, सल्ला, नियम, आग्रह. म्हणून आपली माणसं इंग्रजीत सगळीकडे 'मस्ट' टाकतात. 'यू मस्ट सेंड द फाइल टुडे' असं वरिष्ठांना लिहून जातात आणि पलीकडून थंड उत्तर का आलं ते कळत नाही. पण 'यू मस्ट कम होम समटाइम' हा मात्र प्रेमाचा आग्रह ठरतो. शब्द तोच, मग हुकूम कुठे आणि आग्रह कुठे? तुमची खूण मी आजही वर्गात सांगते: फायदा कुणाचा ते बघा. ऐकणाऱ्याचा असेल तर 'मस्ट' गोड लागतो, बोलणाऱ्याचा असेल तर टोचतो. तसंच 'मस्टन्ट'. पाहुण्याला 'काही आणायची गरज नाही' सांगायला जावं आणि 'यू मस्टन्ट ब्रिंग एनीथिंग' म्हणावं, की ती बंदीच होते. तिथे 'डोन्ट हॅव टु' हवं.

उच्चाराचं राहिलंच. 'सपोज्ड टु' असं सुटंसुटं कुणी म्हणत नाही, बोलताना ते 'सपोस्टु' होतं, मधला 'ड' गिळला जातो. तो उच्चार कानावर घातला नाही तर समोरचा बोलतो आणि आपल्या माणसाला ओळखूच येत नाही. तुम्ही टेबलावर टिचकी मारून ते वर्गाकडून म्हणवून घेतलंत, तशीच टिचकी मी आता मारते.

पण आभार मुख्य मानायचेत ते दुसऱ्या दिवशीच्या तासाचे. तुम्हाला यायचं काही कारण नव्हतं. तुमचे स्वतःचे तास होते, तरी आलात, आणि शिकवायला उभ्या न राहता वर्गातल्या रिकाम्या खुर्चीवर बसलात. म्हणालात, मी परक्या देशातून आलेय, उद्या तुमच्यापैकी एकाच्या घरच्या लग्नाला यायचंय, मला काहीच माहीत नाही, सांगा. आणि बोट केलंत ते नेमकं त्या टोपण लावलेल्या विद्यार्थिनीकडे.

ती उभी राहिली. आधी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून. "यू आर सपोज्ड टु..." थांबली. "यू आर सपोज्ड टु मीट द पेरेंट्स फर्स्ट."

तुम्ही अगदी भाबड्या चेहऱ्यानं विचारलंत, "अँड इफ आय डोन्ट?"

तिनं विचार केला. वर्ग गप्प होता. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि ती म्हणाली, "नोबडी विल से एनीथिंग. बट दे विल नोटिस."

बाई, सहा महिन्यांत तिचं एवढं लांब इंग्रजी मी ऐकलं नव्हतं. आणि व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात 'सपोज्ड टु'ची याहून चांगली व्याख्या मला मिळालेली नाही. त्यानंतर ती बसेना. तुम्ही 'ऑल द गेस्ट्स डू दिस?' विचारलंत तर तिनं तुम्हालाच दुरुस्त केलं, "नॉट ऑल. इन माय फॅमिली, ओल्डर पीपल टेंड टु." आदल्या दिवशी मी तिला परक्यांच्या रीती पाठ करायला लावल्या होत्या, तुम्ही तिला जाणकाराच्या जागी बसवलंत. जिला स्वतःच्या घरची रीत परक्याला सांगता येते, तिला दुसऱ्याची रीत ऐकूनही घेता येते. आदल्या दिवशी तिला वाटलं होतं की तिच्या घराला कमी गुण मिळालेत. त्या दिवशी तिनं ते घर उलगडून दाखवलं.

जाताना तुम्ही भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांच्या १९८३ च्या लेखाबद्दल सांगितलंत, तेव्हा मला माझी चूक नीट समजली. वेगळ्या रीतीच्या माणसांशी बोलताना होणाऱ्या गफलतींचे त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एक भाषेची गफलत: मनात विनंती असते आणि शब्द हुकमाचे निघतात. दुसरी समाजाविषयीच्या समजुतीची: इथे काय विचारावं, कुणाला किती मान द्यावा, याचा अंदाजच दोन माणसांचा वेगळा असतो. पहिली शिक्षकानं दुरुस्त केली तर विद्यार्थी आनंदानं घेतो. दुसरीला 'चूक' म्हटलं की तो दुखावतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण ती त्याची मूल्यं आहेत. ती दुरुस्त करायची नसतात, त्यांच्यावर बोलायचं असतं. मी त्या मुलीची समजूत दुरुस्त करायला निघाले होते. 'मस्ट' मात्र मी वर्षानुवर्षं तसाच सोडला होता, जो खरंच दुरुस्त करायचा होता.

आणखी एक अभ्यास तुमच्यामुळे वाचला, कॅथलीन बार्डोवी-हार्लिग आणि झोल्टान डोर्नेई यांचा, १९९८ चा. हंगेरीत राहून इंग्रजी शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या, तर अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना प्रसंगाला न शोभणारं बोलणं जास्त खटकलं. वाचून मला माझा वर्ग दिसला. आम्ही क्रियापदाचा 'एस' राहिला की थांबवतो, आणि उद्धट वाटणारं बिनचूक वाक्य 'व्हेरी गुड' म्हणून पुढे जातं. बाहेरच्या जगात मात्र व्याकरण चुकलं तर माणसाचं इंग्रजी कच्चं ठरतं, आणि बोलण्याची तऱ्हा चुकली तर माणूसच वाईट ठरतो.

हे मला सगळ्यात जास्त लागलं ते एका दुःखाच्या प्रसंगी. माझा एक विद्यार्थी एका दूरच्या कंपनीसाठी फोनवर काम करतो. त्याच्या वडिलांचं निधन झालं, तेव्हा तिकडचा सहकारी त्याला म्हणाला, "आय ॲम सो सॉरी." त्यानं उत्तर दिलं, "नो, नो, इट्स नॉट युवर फॉल्ट." त्यानं 'सॉरी' फक्त 'माफ करा' म्हणून ओळखला होता, आणि तो माझ्याच वर्गात शिकला होता. त्या दिवसात त्याला दोन शब्दांचा आधार मिळायचा, तो माझ्या शिकवण्यातल्या भोकातून निसटला. तुमच्याशी बोलल्यावर मी त्या आठवड्याचा सगळा अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि फक्त हेच घेतलं: सांत्वन कसं करायचं, आणि केलेलं सांत्वन कसं स्वीकारायचं. "थँक यू. दॅट मीन्स अ लॉट." मोठमोठी माणसं हे वाक्य म्हणताना गहिवरली. असे तास पुस्तकात का नसतात, हा प्रश्न मला अजून छळतो.

आता रीतींची यादी मी देत नाही. विचारायचं कसं ते शिकवते. "इज इट ओके इफ आय...?" "व्हॉट डू पीपल युजुअली डू हिअर?" "शुड आय वेट ऑर गो अहेड?" अशी तीन-चार वाक्यं तोंडात बसली की माणूस कुठल्याही दारात उभा राहू शकतो. आणि सांगताना 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ऑल' निघाले की वर्गातलंच कुणीतरी लगेच विचारतं, "रिअली? ऑल?" ते मी शिकवलेलं नाही. तुमच्या त्या एका तासातून ते वर्गात मुरलं, आणि जुन्यांकडून नव्यांकडे जातं.

तुमचं वय, तुमचा अनुभव, तुमच्या नावाला असलेला मान हे सगळं असताना तुम्ही माझ्या वर्गात एका अडाणी पाहुणीच्या खुर्चीत बसलात. मला न दुखावता माझी चूक दाखवलीत. थॉमस बाईंनी जे विद्यार्थ्यांबद्दल लिहिलं, ते तुम्ही शिक्षिकेच्या बाबतीत पाळलंत. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुमची,
शेजारच्या वर्गातली

ता. क. त्या विद्यार्थिनीचं पत्र आलंय. ती आता परक्या गावी एका रुग्णालयात काम करते आणि नव्यानं आलेल्या परिचारिकांना तिथल्या कामाची पद्धत इंग्रजीत समजावून सांगते. लिहिते की सगळं सांगून झालं की ती थांबते आणि त्यांना म्हणते, आता मला विचारा, "अँड इफ आय डोन्ट?"