पंधरा चौकटींत आईचं नाव

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

त्या रविवारी आईचा फोन नीट करून तुम्ही निघालात तेव्हा दारातच आभार मानायला हवे होते. घसा दाटून आला होता, म्हणून लोणच्याची बरणी हातात दिली आणि गप्प राहिले. आज लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये इंटरनेटवर चालणारा घरचा फोन आणि तो वापरणारं म्हातारं माणूस, अशी घरं आमच्यासारखी पुष्कळ आहेत.

दुपारी चार वाजता पार्सिपनीच्या मावशींना फोन, हा आईचा नेम. दोघी सांगलीत एकाच गल्लीत वाढल्या, आणि म्हातारपणी मुलांच्या मागे न्यू जर्सीत आल्या. फोन आईनं करायचा आणि मावशींनी वाट बघायची, हेही ठरलेलं. ऑगस्टमध्ये तो लागेनासा झाला. दोन-तीन रिंग नाहीत की काही नाही, एकदम कुणी बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची आणि कट. आईला त्यातलं काही कळलं नाही. तिनं आपला अर्थ लावला: मैत्रिणीनं माझा फोन बंद केला.

मला ती तीन आठवडे काही बोलली नाही. एका शुक्रवारी मी घरून काम करत होते, तेव्हा पाहिलं. चारच्या सुमाराला ती फोनजवळच्या खुर्चीत येऊन बसली, नंबरांची डायरी उघडली, मावशींच्या नंबरावर बोट ठेवलं आणि डायरी मिटून परत आत गेली.

मी माझ्या मोबाइलवरून मावशींना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. म्हणाल्या, "तीच करत नाही गं आताशा. माझं काही चुकलं का?"

म्हणजे दोष फोनचा होता. पुढचे तीन आठवडे मी कंपनीच्या कस्टमर केअरच्या मागे होते. चार वेगवेगळी माणसं बोलली. प्रत्येकानं राउटर बंद करून चालू करायला लावला, प्रत्येकानं नवा तिकीट नंबर दिला. खात्यात तुमचा नंबर बरोबर आहे, अडचण समोरच्या पार्टीची असेल, असंही एकानं सांगून टाकलं. आई एकदा स्वतः बोलायला गेली, तर तिचं वाक्य अर्ध्यात तोडून "खातेदाराला द्या" म्हणाले. चौघांपैकी एकानंही विचारलं नाही की फोन नक्की कुणाला लागत नाही, आणि ती बाई बोलते तरी काय.

तुम्ही आलात आणि आधी तेच विचारलंत. मला नाही, आईला. "ताई, लावा बरं फोन," म्हणालात, स्पीकर चालू केलात आणि बाईचं बोलणं ऐकून तिला मराठीत सांगितलंत: नंबर लपवून केलेले फोन या घरी घेतले जात नाहीत, एवढंच ती सांगते आहे. मैत्रिणीनं काही केलेलं नाही. तिच्या मुलानं चोरट्या फोनांना कंटाळून निनावी फोन अडवणारा स्टार ७७ हा कोड दाबला असणार. काका, आईचा चेहरा तेव्हाच बदलला. फोन अजून दुरुस्त व्हायचा होता.

मग तुम्ही मला विचारलंत, कुणी स्टार ६७ दाबलं होतं का? दाबलं होतं, मीच. जुना सोफा विकताना अनोळखी माणसाला घरचा नंबर दिसू नये म्हणून. साध्या लँडलाइनवर ते त्या एका कॉलपुरतं असतं. आमच्या भिंतीजवळच्या, फोन इंटरनेटला जोडणाऱ्या डबीत मात्र ते एकदा दाबलं की स्टार ६८ दाबेपर्यंत तसंच राहतं, हे मला माहीत नव्हतं. सात आठवडे आमच्या घरातून जाणारा प्रत्येक फोन निनावी जात होता. तुम्ही स्टार ६८ दाबलंत आणि मला एका शब्दानं दोष दिला नाहीत.

नंबर दिसायला लागला. तिथेच तुम्ही उठला असतात तरी आमचं काम झालं होतं. पण तुम्ही आईच्याच हातून तुमच्या घरी फोन लावून घेतलात आणि काकूंना स्क्रीनवर काय आलंय ते वाचायला सांगितलंत. नंबर, आणि खाली नुसतं "एडिसन एनजे". तुम्ही समजावलंत की अमेरिकेत नाव फोनबरोबर जात नाही. ज्याला फोन लागतो त्याची कंपनी नंबरावरून एका यादीत नाव शोधते, तिथे नसेल तर गावाचं नाव दाखवते. नाव घातलं तरी सगळीकडे उमटायला काही दिवस जातात.

आणि मग तुम्ही आईकडे वळून म्हणालात, "ताई, नाव कुणाचं लावू?"

खातं माझं, बिल माझ्या कार्डावर. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी बिनदिक्कत माझं नाव सांगितलं असतं. तुम्ही तिला विचारलंत, कारण फोन ती वापरते. ती गांगरली. सांगलीच्या घरी फोन बाबांच्या नावावर होता, त्याआधी शेजाऱ्यांचा होता. म्हणाली, "माझं चालेल?" नावाला पंधराच जागा असतात, म्हणून तुम्ही औषधाच्या पाकिटाच्या मागे पेनानं पंधरा चौकटी आखल्यात आणि तिच्यासमोर एकेक इंग्रजी अक्षर भरलंत. आडनाव, एक कोरी चौकट, मग नाव. शेवटच्या दोन उरल्या. ते पाकीट आईनं डायरीत मावशींच्या पानावर ठेवलं आहे.

जाता जाता ९११ साठीचा, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरासाठीचा, पत्ता कुठला लावलाय ते तपासलंत. कुणी सांगितलं नव्हतं. तिथे आमचा जुना अपार्टमेंटचा पत्ता होता! इंटरनेट फोनवरून ९११ लावला तर मदत नोंदवलेल्या पत्त्यावर जाते, आणि दिवसभर आई घरात एकटी असते. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

काका, हुशार माणसं या गावात ढिगानं आहेत. तुमच्याइतकं तंत्र त्या कस्टमर केअरवाल्यांनाही येत असेल. पण माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्याकडे बघून, तुला काय होतंय असं विचारायला वेळ काढणारा माणूस मला या सात आठवड्यांत एकच भेटला. असं वागणारा माणूस घरात येऊन गेला की घरातली माणसंही एकमेकांशी जरा नीट बोलायला लागतात, हे मी आमच्याच घरात बघते आहे. मी आता आईला रोज विचारते, कुणाशी बोललीस, काय म्हणाल्या.

गुरुवारी चार वाजता तिनं फोन लावला. ती "हॅलो" म्हणायच्या आत मावशी ओरडल्या, "अगं, तुझं नाव आलंय इथे! तुझं!" मला हे ऑफिसात फोन करून सांगताना ती मध्येच थांबत होती.

शनिवारी तुम्ही आणि काकू घरी आहात ना? आईनं चकल्या केल्या आहेत, घेऊन येते म्हणते. आधी फोन करेल. नाव बघून उचला.

तुमची,
ताईंची मुलगी