उजव्या कपाचे आटे दर वेळी उलटेच असतात असं नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या सायकली घरच्या घरी दुरुस्त करण्यावर लेख आला होता तो वाचला, आवडला, या विषयाला पेपरात जागा मिळते हेच मुळात चांगलं. पण त्यात बॉटम ब्रॅकेटबद्दल, म्हणजे दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) ज्या आसावर बसतात त्या मधल्या बेअरिंगबद्दल, असं सरसकट लिहिलंय की उजव्या बाजूच्या कपाचे, म्हणजे छर्रे ज्यात धावतात त्या फ्रेममध्ये आट्यांनी बसणाऱ्या वाटीचे, आटे उलटे असतात आणि तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे वाचून कुणी पाना हातात घ्यायच्या आधी माझं पत्र छापा अशी विनंती आहे, कारण याच समजुतीपायी मी एक चांगली फ्रेम घालवलेली आहे.

फ्रेम फ्रेंच होती, सत्तरच्या दशकातली, नळ्या हलक्या, रंग मूळचा. उजवा कप हलत नव्हता म्हणून पान्याला लांब पाईप लावला आणि घड्याळाच्या दिशेने जोर काढला, हलला नाही म्हणून अजून जोर काढला, शेवटी तो कचकन फिरला आणि मला वाटलं सुटला. सुटला नव्हता, फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत कप बसतात तिच्यातले आटे कातरले गेले होते. फ्रेंच पद्धतीत दोन्ही कप सुलट्या आट्यांचे असतात आणि मी तो इतका वेळ घट्टच करत होतो. आजही ती फ्रेम बघितली की जीव तुटतो.

तर आट्यांचा हिशोब असा आहे. ब्रिटिश माप म्हणजे कपाचा व्यास 1.37 इंच, एका इंचात 24 आटे, उजवा कप उलटा. इटालियन कप 36 मिमीचा, आटे इंचाला 24च, पण दोन्ही बाजू सुलट्या आणि नळीची रुंदी ब्रिटिशसारखी 68 नाही तर 70 मिमी. फ्रेंच कप 35 मिमी, दोन आट्यांमधलं अंतर 1 मिमी, दोन्ही सुलटे. स्विस माप अगदी फ्रेंचसारखंच पण उजवा कप उलटा, मोटोबेकानच्या काही सायकलींत हे सापडतं, म्हणजे सायकल फ्रान्सची आहे एवढ्यावरूनही ठरवता येत नाही. आणि जुन्या रॅलेच्या बऱ्याच सायकलींत इंचाला 26 आटे आणि नळी 71 किंवा 76 मिमी रुंद, त्यात 24 आट्यांचा कप जबरदस्तीने बसवला की नळीतले आटे गेलेच म्हणून समजा. ब्रिटिश कप साधारण 34.8 मिमीचा आणि फ्रेंच 35 मिमीचा, डोळ्यांना फरक दिसणारच नाही, चुकीचा कप एखाद-दोन वेढे घेतो आणि मग अडकतो, तिथेच लोक पाईप शोधायला जातात.

म्हणून माझं सांगणं एवढंच की सुरुवात डाव्या बाजूने करा. डावा कप आणि त्याला जागेवर पक्का धरणारी लॉकरिंग या सगळ्या मापांत सुलटीच असते. तो कप आधी काढा, पुसा, व्हर्नियरने व्यास मोजा, आटे मोजायच्या गेजने आटे मोजा, कित्येकदा कपावर माप कोरलेलंही असतं. 36 आलं तर इटालियन, इंचाला 24 आटे आणि व्यास 35च्या किंचित आत असेल तर ब्रिटिश. फ्रेंच की स्विस एवढाच प्रश्न उरतो, तिथे आधी भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा आणि दोन्ही दिशांनी थोडाथोडाच जोर लावून बघा, पाईप नको.

हे उलटे आटे आले कुठून तर पायडल मारताना उजवीकडून बघितलं तर आस घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि भाराखाली कप मात्र बारीक बारीक उलट्या दिशेने सरकू पाहतो, आटे उलटे असले की ते सरकणं कपाला घट्ट करतं. इटालियन आणि फ्रेंच सायकलींत तेच सरकणं कप सैल करतं म्हणून त्यांचा उजवा कप बसवतानाच खूप ताकदीने आवळलेला असतो, आणि तो काढायला जड जातो याचं कारण नुसता गंज नाही.

पण खरं विचाराल तर उजवा कप काढायची गरज असतेच किती वेळा? डावा कप आणि आस बाहेर आला की नळीतून रॉकेलने भिजवलेलं फडकं फिरवा, टॉर्च मारा आणि बघा. छर्रे धावतात तो पट्टा गुळगुळीत चमकत असेल तर कप आहे तिथेच राहू द्या, तो चांगला आहे. खड्डे पडले असतील, बोट फिरवल्यावर खरखर लागत असेल तरच काढा. आसाचंही तसंच, चकाकणारी रेघ म्हणजे झीज नाही, टोचल्यासारखे खड्डे दिसले तर मात्र आस बदलायचा.

छर्रे जुने परत घालू नका, दोन्ही बाजूंचे नवेच घाला, पाव इंची, एका बाजूला सहसा 11 सुटे बसतात. जाळीतले कमी असतात, मी जाळी काढून सुटेच घालतो म्हणजे भार जास्त छर्‍यांवर वाटला जातो. ग्रीसमध्ये कंजूषी नको. डावा कप हाताने आत नेत न्यायचा, आस फिरताना अडखळला नाही पाहिजे आणि हलवल्यावर खेळही नको, मग कप धरून ठेवून लॉकरिंग आवळायची, कारण रिंगबरोबर कप थोडा फिरतोच आणि सगळं परत करावं लागतं. हे मला अजूनही दोन-तीनदा करावं लागतं. खेळ आहे की नाही हे क्रँक बसवल्यावर त्याचं टोक धरून आडवं हलवलं की लगेच कळतं.

कॉटर पिनच्या, म्हणजे आडव्या पाचरीसारख्या पिनेने आसावर पक्क्या बसणाऱ्या, क्रँकबद्दल लेखात हातोडी मारून पिन काढा एवढंच आहे, ते अर्धवट आहे. क्रँकखाली पोकळ पाईपचा भक्कम आधार लावल्याशिवाय हातोडी उचलायचीच नाही, नाहीतर प्रत्येक घाव छर्‍यांमधून कपावर जातो आणि तिथे खड्डे पडतात, म्हणजे दुरुस्तीच बेअरिंग मारते. नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाशी लेव्हल येईपर्यंतच सैल करायचा म्हणजे पिनचे आटे चेपत नाहीत. पिन दाबून काढायचा प्रेस मिळाला तर फारच उत्तम. नवी पिन घेताना 9.5 मिमीची की 9 मिमीची ते जुनी मोजून बघा, ब्रिटिश सायकलींत बहुतेक 9.5 असते. दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत.

लेखाच्या शेवटी जुनं सगळं काढून सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे आस आणि बेअरिंग एकत्र असलेला तयार संच, बसवायचा सल्ला आहे त्याला माझा सरसकट विरोध नाही. आस गेलेला असेल आणि तसा दुसरा मिळत नसेल, क्रँक चौकोनी टोकाच्या आसाचे असतील आणि आसाची लांबी जुळत असेल तर जरूर बसवा, लांबी चुकली तर चेन तिरकी चालते एवढं लक्षात ठेवा. पण चांगले कप निव्वळ जुने म्हणून फेकू नका, ते उघडून साफ करता येतात, कार्ट्रिज उघडता येत नाही.

उजव्या कपाबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापलीत तर बरं होईल, कारण लेख कापून ठेवणारे वाचक ते पान जपून ठेवतात, आतलं पत्र कुणी कापून ठेवत नाही.

आपला,
एक नियमित वाचक