संज्यास पत्र : चिऊला हा विषय घेऊ दे

फलटण,
10 जून 2025

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चिऊला बारावीत इतके चांगले मार्क पडले, तिचं मनापासून अभिनंदन. तिने चार वर्षांच्या पदवीला ‘प्रादेशिक संस्कृती’ हा मुख्य विषय घ्यायचं ठरवलंय आणि घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोलत नाहीये, हेही कळलं. ‘थोडा इतिहास, थोडा भूगोल, चार लोकगीतं, याला काय विषय म्हणायचं? तू कॉलेजात शिकवतोस, तूच तिला समजाव,’ असं तू लिहिलंयस. संज्या, मी तिला समजावणार नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय.

तुझ्या शंकेत तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. सगळ्यातलं थोडं थोडं शिकलेला माणूस कशातच पक्का होत नाही. एक प्रकरण संतांचं, एक किल्ल्यांचं, एक दागिन्यांचं, एक खाद्यसंस्कृतीचं, आणि परीक्षेला ‘टिपा लिहा’, असा अभ्यासक्रम असेल तर चिऊने त्यावर चार वर्षं घालवू नयेत. असे अभ्यासक्रम मी पाहिलेत. त्यात मुलं आपल्या प्रदेशाबद्दल चार गौरवाची वाक्यं पाठ करतात आणि बाहेर पडतात.

पण हाच विषय दुसऱ्या बाजूनेही धरता येतो. आधी प्रश्न हातात घ्यायचा, आणि तो ज्या विषयाच्या दारात नेईल तिथे जायचं. गेली काही वर्षं भूगोल शिकवता शिकवता मी मुलांबरोबर हेच करतोय, आणि मला त्याचं इतकं वेड लागलंय की तुला एक उदाहरण नीट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जेजुरीचा खंडोबा घे. आपण पुण्यात शिकत असताना सोमवतीला गेलो होतो, भंडाऱ्याने पिवळे होऊन परत आलो होतो. त्या देवाला दोन बायका. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, गडावर देवाशेजारी. बाणाई धनगराची, तिचं देऊळ गड चढताना अर्ध्या वाटेवर. खंडोबाची गाणी गाणारे त्याचे भक्त, वाघ्या-मुरळी, रात्रभराच्या जागरणात सांगतात की देव बाणाईसाठी धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला, त्याने मेंढरं राखली. आता विचार कर, एकाच देवाला पेठेतली बायको आणि रानातली बायको, दोन्ही का लागतात? मराठीचा विद्यार्थी ही कथा टिपून घेईल, तिचे पाठभेद लावेल. ते काम मोठंच आहे. पण उत्तराचा एक तुकडा पावसात आहे, आणि तो त्याच्या वहीत येत नाही.

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुका. तिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. घाटमाथ्यावरच्या चिखलात मेंढी टिकत नाही, तिचे खूर सडतात. माणदेशात ती टिकते, पण उन्हाळ्यात तिला चारा नसतो. म्हणून दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात भात कापून झालेल्या रानात जातात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वाटेत शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतो. रात्रभराच्या लेंड्या-मुताने रान खतवतं, आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पीक उभं असताना मात्र हेच दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात. पेठ, शेत आणि रान यांना एकमेकांवाचून गत्यंतर नाही, पण त्यांना एका घरात नांदवणंही सोपं नाही. म्हाळसा-बाणाईच्या भांडणाची गाणी मी आता या नजरेने ऐकतो. मला हा अर्थ पटतो. चिऊला दुसरा सापडला तर तिने तो मांडावा.

मागच्या हिवाळ्यात माझी एक विद्यार्थिनी लोणंदच्या बाजूला एका वाड्याबरोबर मुक्कामाला राहिली. वाडा म्हणजे धनगरांचा तळ, तुला माहीत आहे. पुरुष मेंढरं घेऊन पहाटे पुढे गेले, मागे बायकांनी घोड्यांवर संसार लादला. या मुलीने फक्त लादण्याचा क्रम लिहून काढला: खाली घोंगड्या आणि पालाचं कापड, त्यावर धान्याची पोती, दोन्ही बाजूंना भांडी, वर तवा आणि पिठाचा डबा, सगळ्यात वर टोपलीतल्या कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरं. मुक्कामाला पोचल्यावर जे आधी लागतं ते वर. दोरीची कोणती गाठ कुठे मारायची, हेही तिने चित्रं काढून घेतलं. त्या दोन पानांवर आम्ही वर्गात दोन तास बोललो. वाडा कोण चालवतं, निर्णय कुणाच्या हातात असतो, ओवीत मात्र नाव कुणाचं येतं, असे एकेक प्रश्न त्यातूनच निघाले. ही मुलगी कॉमर्स सोडून आली होती. हिशेबाची सवय असल्यामुळे तिने एका रात्रीच्या मेंढरं बसवण्याचा भावही बारकाईने विचारून घेतला, जो आमच्यापैकी कुणी विचारला नसता.

घोंगडीचंही असंच. दख्खनी मेंढीची लोकर राठ. ती कातून सनगर, म्हणजे घोंगड्या विणणारे विणकर, खड्ड्याच्या मागावर पट्टी विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात. ती खळ शिजतानाचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. आज लोकरीला भाव नाही, मटणाला आहे. इथे फलटणलाच निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. म्हणजे देवाच्या बायकोपासून निघालेला विद्यार्थी जनुकशास्त्रापर्यंत पोचतो. वाटेत त्याला इंग्रजांचा 1878 चा वनकायदाही भेटतो, ज्याने राखीव जंगलात चराईवर बंधनं आणली. आणि धनगर आज भटक्या जमाती-क प्रवर्गात आहेत, अनुसूचित जमातीत समावेश मागतात, तो प्रश्नही भेटतो. यातलं काहीही वगळलं तर खंडोबा अर्धाच कळतो.

शिवाय हा देव महाराष्ट्राच्या हद्दीत मावत नाही. कर्नाटकात तो मैलार आहे, तेलंगणात मल्लन्ना. कोमुरवेल्लीच्या मल्लन्नालाही दोन बायका आहेत. म्हणून चिऊला माझा पहिला आग्रह हा की तिने कन्नड शिकावी. बोलता येईल आणि गाणं ऐकून अर्थ लागेल इतकी तरी. आपल्याकडे प्रादेशिक अभ्यास म्हटलं की सीमेवर येऊन थांबतात, आणि मला त्याचा फार राग येतो. सोलापूर, अक्कलकोट, जत इथली माणसं दोन भाषांत जगतात, मग त्यांचा अभ्यास करणाऱ्याने एकाच भाषेवर का भागवावं?

आता तुझ्या मूळ शंकेकडे येतो. या वाटेने आधी गेलेली माणसं बघ. धनगरांच्या दैवतांवर ज्यांनी मूलभूत काम केलं ते गुंथर सोन्थायमर जर्मन, आणि मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणितज्ञ. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी फिरून त्यांनी अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं गोळा केली, आणि ती सापडतात तिथेच जुन्या पायवाटा आणि देवींची ठाणी कशी आहेत ते दाखवलं. इरावती कर्व्यांनी बर्लिनमध्ये माणसाच्या कवटीच्या मोजमापांवर डॉक्टरेट केली आणि पुढे त्या वारीबरोबर चालल्या. आणि रा. चिं. ढेरे आयुष्यभर पोथ्या, गाणी, देवळं आणि शिलालेख एकमेकांशेजारी ठेवून वाचत राहिले. 1961 साली खंडोबावर पुस्तक लिहिलं तेव्हा ते तिशीतले होते. या प्रत्येकाकडे एक तरी विद्या पक्की होती. कायदा, गणित, मानवशास्त्र, ग्रंथपरंपरा. त्या कण्यावर बाकीचं सगळं उभं राहिलं.

म्हणून तू चिऊला अडवू नकोस, पण तिला एक अट जरूर घाल. मुख्य विषय प्रादेशिक संस्कृती असू दे, पण दुय्यम विषय असा घे की ज्यात चूक केली तर चूक म्हणून दाखवता येते. भूगोल, भाषाशास्त्र, संख्याशास्त्र, पुरातत्त्व, काहीही. नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनरच्या, म्हणजे मुख्य-दुय्यम विषयांच्या, रचनेचा हा खरा उपयोग आहे. मुलं मायनर सोपा बघून घेतात, आणि तिथेच पदवी पोकळ होते. जुन्या मराठी कागदांची मोडी लिपीही तिने पहिल्याच वर्षी शिकावी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडून आहेत, आणि ते वाचणारी माणसं कमी होत चाललीत. नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर ती माझ्याकडे येऊन शिकू शकते.

नोकरीचं विचारलंयस. खोटी आशा दाखवत नाही: या पदवीला थेट नोकरी चिकटलेली नाही. पण लोकांकडून नीट ऐकून घेणं, ते शब्दशः उतरवणं, जुने कागद वाचणं, नकाशावर मांडणं, दोन भाषांतून लिहिणं हे ज्याला येतं त्याला पत्रकारितेत, संग्रहालयात, अनुवादात, स्पर्धा परीक्षांत, ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थांत जागा आहे. पगार सुरुवातीला तुझ्या कंपनीतल्या पोरांइतका नसेल. ते तुम्ही तिघांनी बसून मोकळेपणाने बोलून घ्या, नंतर कुरबूर नको.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या प्रदेशाचा अभ्यास करता करता माणूस आपल्या प्रदेशाचा वकील होतो. मुरळ्या देवाला सोडल्या जात, त्या लहान मुली होत्या, आणि त्यांचं पुढे काय व्हायचं ते जगजाहीर होतं. विठ्ठल रामजी शिंद्यांनी या प्रथेविरुद्ध शंभर वर्षांपूर्वी आवाज उठवला. जागरणाचं सौंदर्य शिकवायचं आणि हे गाळायचं, असा अभ्यास चिऊने करू नये. इरावतीबाईंना वारी मनापासून आवडली, पण एकत्र चालणारे, एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात ही बोचही त्यांनी लिहून ठेवली. प्रेम आणि परखडपणा एकाच माणसात असायला हवेत.

‘असा विषय जगात कुठे असतो?’ असंही तू विचारतोस. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात 1977 पासून दक्षिणी संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र आहे आणि तिथे याच विषयात बी. ए. करता येतं. ब्लूज संगीत, कापूस, गुलामगिरी, धर्म, खाणंपिणं सगळं एकत्र. याच विद्यापीठात 1962 साली जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तेव्हा दंगल होऊन दोन माणसं मेली होती. तिथे आज मुलं आपल्याच आवारात घडलेलं हे शिकतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

बरं, आता कामाचं. माउलींची पालखी पुढच्या आठवड्यात आळंदीहून निघते. सासवडनंतर जेजुरीला मुक्काम. तिथे गावकरी वैष्णवांच्या पालखीवर खंडोबाचा भंडारा उधळतात. मग वाल्हे, लोणंद, तरडगाव करत पालखी आमच्याकडे फलटणला येते. तू, वहिनी आणि चिऊ तिघंही या. जेजुरीला मी मुलांना घेऊन जातोच आहे, चिऊला तिथेच आमच्यात सोड. दिवसभर वही घेऊन फिरेल, संध्याकाळी तिने काय टिपलंय ते तू स्वतः वाच, आणि मग प्रवेशाचं काय ते ठरवा. येताना तिच्या अभ्यासक्रमाचा कागद आणायला विसरू नकोस. क्षेत्रकार्याला किती क्रेडिट दिलेत आणि चौथ्या वर्षी प्रबंध आहे की नाही, हे मला बघायचंय. प्रबंध नसेल तर दुसरं कॉलेज शोधू, अजून वेळ आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग. वहिनींना सांग की फलटणला घरी जागा भरपूर आहे, पालखीच्या गर्दीची काळजी करू नये.

तुझा,
मध्या