छापील पुस्तिका मागितली, तर मिळालीच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या गाडीच्या कप्प्यात पूर्वी गाडी कशी वापरायची हे सांगणारी जाडजूड पुस्तिका असायची. अलीकडे काही कंपन्यांच्या गाड्यांत तिच्या जागी चार पानांचे पत्रक किंवा क्यूआर कोड छापलेले कार्ड सापडते. बाकी सगळे ॲपमध्ये, नाहीतर गाडीच्याच स्क्रीनवर. मी चिपळूणला गॅरेज चालवतो. गाडी अडली की लोक पहिला फोन मेस्त्रीला करतात, त्यामुळे या बदलाचे परिणाम आमच्याकडे लवकर पोहोचतात. डिजिटलला माझा विरोध नाही. मात्र ग्राहकाने मागितली तर छापील प्रत त्याला विनाशुल्क मिळालीच पाहिजे आणि तसा नियम झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

‘वाचतो कोण ती पुस्तिका?’ हे शोरूमवाल्यांचे ठरलेले उत्तर. बरोबर आहे, कोणी वाचत नाही. दहा वर्षे चाललेल्या गाडीतही ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेली नसते. पण ती सवडीने वाचायची वस्तूच नव्हे. ती लागते अडल्यावर, आणि गाडी नेमकी घरासमोर अडेल असे नाही.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडे आता बटण-स्टार्ट आणि ऑटोमॅटिक गाड्या भरपूर आहेत. कुंभार्ली घाटात जरा थांबून फोटो काढून परत यावे, तर गाडी सांगते, किल्ली सापडत नाही. रिमोटमधला सेल संपलेला असतो, दुसरे काही नाही. बहुतेक मॉडेलमध्ये दार उघडायची साधी किल्ली रिमोटच्या आतच बसवलेली असते. आत बसायचे, ब्रेक दाबायचा, रिमोट स्टार्टच्या बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवायचा, की इंजिन चालू होते. काम दोन मिनिटांचे, पण माहीत असेल तर. बॅटरीच उतरली असेल तर ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून (पार्किंगमधून) हलत नाही आणि टोचन करणाऱ्याने तशीच ओढली तर चाके घासत जातात, गिअरबॉक्सचे नुकसान होते ते वेगळेच. त्यासाठी गिअरच्या दांड्याजवळ एक बारीक झाकण असते. ते काढून आत स्क्रू ड्रायव्हर किंवा किल्ली दाबली की लॉक सुटते. झाकण डावीकडे की उजवीकडे, की कव्हरच्या खाली, हे मॉडेलप्रमाणे बदलते. फोनवरून ते मी सांगू शकत नाही. पुस्तिकेत चित्रासकट दिलेले असते. आता ही माहिती गाडीच्या स्क्रीनवर घातली आहे आणि बॅटरी गेली की स्क्रीनही बंद! ॲप उघडावे तर घाटात रेंज नाही. ज्याने कोणी ही सोय योजली, त्याने एकदा रात्री आमच्याकडच्या घाटात गाडी उभी करून पाहावी.

बीएस-६ डिझेल गाड्यांचीही तीच कथा. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे हे नियम आले आणि धुरातली काजळी धरून ठेवणारा डीपीएफ फिल्टर आमच्या रोजच्या कामात आला. तो भरत आला की डॅशबोर्डवर एक दिवा लागतो. याचा अर्थ गाडी बिघडली असा नाही. थोडा वेळ एका वेगाने, मोकळ्या रस्त्यावर चालवली की फिल्टर स्वतःच काजळी जाळून साफ होतो. लोक मात्र दिवा बघून घाबरतात आणि इंजिन बंद करतात, किंवा बाजारपेठेतल्या फेऱ्या तशाच चालू ठेवतात. मग फिल्टर पुरता तुंबतो आणि खर्च ऐकून माणूस खुर्चीवर बसतो. दोन ओळींची सूचना, पण दिव्याचे चित्र बघून पान उघडता आले तर तिचा उपयोग.

कागदाची बाजू घेताना त्याची उणीवही सांगायला हवी. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गावातल्या किती गाड्यांच्या पुस्तिकांचा लगदा झाला, ते मी पाहिले आहे. पुढचे कित्येक आठवडे गाड्या उघडून साफ करताना फ्यूजचे नकाशे आम्ही मोबाइलवरच बघत होतो. शिवाय पीडीएफमध्ये शब्द टाकून शोधता येते. तीन-चारशे पानांत टायरची हवा कुठे दिली आहे ते हुडकत बसावे लागत नाही. (टायरच्या हवेसाठी पुस्तिका लागतही नाही. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, फक्त कोणी बघत नाही.)

माझी खरी हरकत वेगळीच आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे नूतनीकरणही होते. कोणते ॲप पंधरा वर्षे चालते? शेवरोले गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, पुढे तळेगावचा कारखानाही बंद झाला. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या आजही माझ्याकडे कामाला येतात आणि कप्प्यातली पुस्तिका अजून तिथेच असते. तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या गाडीतही ती असते. ॲपचे तसे नाही. कुठे लॉगिन लागते, कुठे पहिल्या मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो.

आणि छापलेले बदलत नाही. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून २०२५ मध्ये केवढा गदारोळ झाला, ते आपल्या वाचकांना आठवत असेल. तेव्हा लोकांनी कप्प्यातून पुस्तिका काढून इंधनाचे पान शोधले. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालेल, असेच छापलेले आहे. ई-२० ने नुकसान होते की नाही, हा वाद इथे नको. पण गाडी विकताना कंपनीने काय सांगितले होते, याचा पुरावा ग्राहकाच्या हातात होता. हेच पान वेबसाइटवर असते तर आज जे दिसते तेच कायम होते असे मानून चालावे लागले असते. वॉरंटीचा क्लेम नाकारताना ‘पुस्तिकेप्रमाणे देखभाल केली नाही’ हे कारण हमखास दिले जाते. मग कुठल्या तारखेची पुस्तिका, हे ग्राहकाला दाखवता यायला नको का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार, योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत आणि त्यातून हानी झाली तर उत्पादकावर जबाबदारी येऊ शकते. क्यूआर कोड देणे म्हणजे सूचना देणे झाले का, हे वकिलांवर सोडण्यापेक्षा नियमातच स्पष्ट केलेले बरे.

युरोपीय संघाने यंत्रांसाठी २०२३ मध्ये केलेला नियम यासाठी बघण्यासारखा आहे. तो जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. त्यात डिजिटल सूचनांना परवानगी आहे, पण खरेदीच्या वेळी मागितल्यास छापील प्रत महिन्याभरात विनामूल्य द्यायची आणि डिजिटल प्रत यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, निदान दहा वर्षे, उपलब्ध ठेवायची. रस्त्यावरच्या गाड्या त्यात येत नाहीत, तरी आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला मोटार वाहन नियमांत असे कलम घालायला अडचण नसावी. बुकिंगच्या फॉर्मवर एक चौकट: छापील पुस्तिका हवी की नको. पीडीएफवर आवृत्तीची तारीख, जुन्या आवृत्त्याही खुल्या, लॉगिनशिवाय.

मराठीचेही बघा. छपाईचा खर्च म्हणून कंपन्या इंग्रजीच, फार तर हिंदीची जोड देत होत्या. डिजिटलमध्ये तो खर्चही उरला नाही, तरी मराठी प्रत शोधूनही सापडत नाही. गाडी चालवणारे सगळेच इंग्रजी वाचणारे नसतात. माझ्याकडे येणारे टॅक्सीवाले, टेम्पोवाले तर नाहीतच.

पर्यावरणाचे कारण दिले जाते. हजार-बाराशे किलोच्या गाडीत अर्ध्या किलोच्या पुस्तिकेवर हा बोजा टाकणे मला पटत नाही. वाचलेल्या कागदाचे पैसे ऑन-रोड किमतीतून वजा झालेले कोणी पाहिले असतील तर त्यांनीही आपल्या सदरात जरूर लिहावे. शोरूमच्या बिलातले ‘हँडलिंग चार्जेस’ मात्र कुठल्याच क्यूआर कोडने कमी केलेले नाहीत.

नियम होईल तेव्हा होईल. दसरा-दिवाळीला गाडी घेणाऱ्यांनी छापील पुस्तिका हवी असे बुकिंगच्या वेळीच लेखी द्यावे आणि डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्याच वायफायवर पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी. गाडी बाहेर काढल्यावर मागितली तर कंपनीकडून मागवावी लागेल, असे सांगतात आणि मग त्यासाठी खेटे घालावे लागतात.

आपला,
एक गॅरेजचालक वाचक, चिपळूण