अर्ध्या घरातून

लंडन, रविवार

प्रिय विन्या,

‘अर्धं घर घेतलंस म्हणजे नेमकं काय घेतलंस?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर धड देता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

इथे याला सेमी-डिटॅच्ड म्हणतात. मधे एक सामाईक भिंत, दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं, एकाची रचना दुसऱ्याच्या उलटी. आमचं घर १८४०च्या दशकातलं. गंमत अशी, की ही दोन घरं आहेत हे बांधणाऱ्याला रस्त्यावरून कळूच द्यायचं नव्हतं! म्हणून दारं दोन टोकांना, जराशी आत घेतलेली, आणि समोर नुसत्या खिडक्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणा बड्या असामीचा बंगला. बेताच्या खिशातला हा रुबाब मला जाम आवडतो.

बागांवर लिहिणाऱ्या लाउडनने तर कमाल केली. १८२३-२४ साली इथल्याच पोर्चेस्टर टेरेस नावाच्या रस्त्यावर त्याने अशी जोडी बांधली, एका अर्ध्यात स्वतः राहिला आणि दर्शनी बाजूला मधोमध काचेचा घुमट बसवला. जोड दिसायलाच नको! लंडनच्याच क्लर्कनवेल भागात लॉइड बेकर इस्टेटीत बूथ या वास्तुरचनाकार बापलेकांनी दोन घरांवर मिळून एकच त्रिकोणी माथा चढवलाय, ग्रीक देवळासारखा. व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली, तोवर ही युक्ती चांगली मुरली होती.

आमच्या खिडक्या वरखाली सरकतात. वर सहा तावदानं, खाली सहा. १८४५पर्यंत काचेवर वजनानुसार कर होता, त्यामुळे काच पातळ. पुढच्या खोलीत दोन तावदानं अजून जुनीच टिकून आहेत. शेजारणीचं मांजर कुंपणावरून चाललं, की त्यातून त्याची पाठ पाण्यातल्यासारखी हलते. चहा गार होईस्तोवर बघत बसतो.

आता रडगाणं. आधीच्या मालकाने आमच्या अर्ध्याच्या विटांमधल्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरून घेतल्या. मूळ काम चुन्याचं. चुना ओल घेतो तशी बाहेरही सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग पाणी विटेतच मुरतं, थंडीत गोठतं आणि विटेचा पुढचा पापुद्रा सुटतो. आमच्या पिवळट विटेला बोट लावलं, तर भुगा हाती येतो. शेजारणीच्या अर्ध्यात चुना तसाच आहे, भिंत खणखणीत. त्यामुळे एवढा खटाटोप करून लपवलेला जोड आता फाटकातूनच दिसतो, रेघ मारल्यासारखा. एका बाजूला करड्या दरजा, दुसऱ्या बाजूला पांढुरक्या.

वहिनी म्हणत होत्या, वाड्याच्या मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं चाललंय. बाबा रे, आधी त्या गवंड्याला थांबव! चुन्यातलं काम जाणणारा कुणी म्हातारा वाईत सापडतो का बघ. दिवाळीत येतोय, तोवर भिंत आहे तशीच राहू दे.

तुझा,
मध्या