सूचना : सांबरा (बेळगाव) विमानतळाच्या धावपट्टीच्या वाटेवर कचरा टाकू नये

सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री परिसरातील सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी नाल्याकडेला कोंबडीची पिसं-आतडी भरलेली पिशवी कुणीतरी सोडून गेलं. कुत्र्यांनी ती फाडली आणि अर्ध्या तासात वर दहा-बारा घारी घिरट्या घालू लागल्या. तेवढ्यात विमान उठलं. बघणाऱ्याच्या पोटात गोळाच आला!

उड्डाणावेळी इंजिन पूर्ण जोरात असतं, विमान जमिनीजवळ असतं, सावरायला उंची नसते. पक्षी इंजिनात ओढला गेला की आतली पाती वाकू शकतात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हंसांचा थवा धडकून दोन्ही इंजिनं बसली, विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. १५५ जण वाचले, पण आपल्याकडे तशी नदी कुठाय? आपल्या मार्कंडेय नदीत म्हैस नीट डुंबत नाही.

विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला नि जनावर कापायला कायद्यानं मनाई आहे. जत्रेच्या जेवणावळीतलं उष्टं, हाडं खड्ड्यात पुरावीत, वर माती लोटावी. मटण दुकानदारांशी मंडळ बोलणार आहे. त्यासाठी सोबत येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी सहाला मारुती देवळापाशी जमावं.

– सचिव