आईच्या फोटोला फ्लेक्सचा हिशेब नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध झालं. भिंतीवर लावायला तिचा 24 बाय 36 इंचांचा फोटो करून घेतला. घरी आणून उलगडला आणि बहिणीनं तोंड फिरवलं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या, कपाळावरचं गोंदण म्हणजे नुसता हिरवट डाग, डोळ्यांच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या.

मी 31 वर्षं सोलापुरी चादरींची नक्षी ग्राफ पेपरवर काढली. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा, उचलायचा की खाली ठेवायचा. शंभर चौकोनांतलं गुलाबाचं फूल तसंच ताणून चारशेत बसवलं तर पाकळीची कड जिन्यासारखी दिसते. फूल नव्यानं काढावं लागतं. फोटोचंही तेच असतं, हे मला दुकानात उभं असताना सुचलं नाही याची खंत वाटते.

मूळ फोटो कागदावरचा, 4 बाय 6 इंचांचा. भाच्यानं मोबाईलवर त्याचाच फोटो काढून व्हॉट्सअॅपवरून दुकानात पाठवला. व्हॉट्सअॅप फोटो लहान करून पाठवतं. पोचलेली फाईल उभ्या बाजूनं 1600 पिक्सेलची, म्हणजे तेवढ्या ठिपक्यांची होती. 36 इंचांवर पसरली की इंचाला जेमतेम 44 ठिपके. दुकानदार म्हणाले, "काका, 300 डीपीआय केलंय की." डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. पण आकडा बदलून नवा तपशील येत नाही. मधली जागा संगणक अंदाजानं भरतो.

चौकातल्या मोठ्या फ्लेक्सला इंचाला 30 ठिपकेही पुरतात, कारण तो आपण पंचवीस-तीस फुटांवरून बघतो. घरातल्या फोटोला हार घालताना डोळे दोन-तीन फुटांवर असतात, आणि तीन फुटांवरूनही चांगल्या नजरेला इंचाला शंभराच्या आसपास ठिपके वेगळे कळतात.

तक्रार केल्यावर त्यांनी फोटो 'शार्प' करून दिला. नाकाच्या आणि पदराच्या कडेनं पांढरी रेघ उमटली. मग एआय लावलं. फोटो लख्ख आला, पण ते डोळे आईचे नव्हते. तिची उजवी पापणी किंचित उतरलेली असायची, ती सरळ करून टाकली होती. तो फोटो मी घरी आणला नाही.

शेवटी ट्रंकेतला मूळ फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून घेतला. 2400 बाय 3600 पिक्सेल मिळाले. 16 बाय 24 इंचांत छापला, म्हणजे इंचाला 150. गोंदणाचे तीन ठिपके आता मोजता येतात.

शहरातल्या फोटो आणि फ्लेक्सवाल्यांना माझी विनंती आहे : फाईल उघडली की पिक्सेलना इंचांनी भागा, आणि आकडा कमी आला तर पैसे घेण्याआधी सांगा. दुःखातलं माणूस घाईत असतं, त्याला हे कुठून ठाऊक असणार? घरच्यांनीही कागदावरचा फोटो स्कॅनच करून घ्यावा आणि मोबाईलमधला असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पुष्कळांकडे मात्र व्हॉट्सअॅपवर आलेला तेवढा एकच फोटो असतो. त्यांना मोठ्या पोस्टरचा आग्रह करू नका. 1600 पिक्सेलचा फोटो 8 बाय 12 इंचांत बरा येतो.

आपला,
एक निवृत्त चादर-डिझायनर, सोलापूर